खंडेनवमीला पाटावर ठेवलेली तबकडी

तुमच्यातल्या धाकट्याने शाळेत बाईंना सांगितलं म्हणे, की अमेरिकेत आमच्या आबांच्या घराखाली एक जर्मन पाणबुडी आहे. बाईंनी तुमच्या आईला विचारलं आणि तुमची आई मला फोनवर हसत हसत ते सांगत होती. मीही हसले. पण खरं काय ते नीट लिहून ठेवलेलं बरं, कारण गेल्या दसऱ्याला या पाणबुडीपायी माझे दोन दिवस फार वाईट गेले. त्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा थोरलीने विचारलं होतं, "आजी, तुझा आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, "पुऱ्यांची कणीक भिजवून थकलेय गं." ते खोटं होतं. आता खरं लिहिते.

आमच्या घराखाली पाणबुडी नाही. बेसमेंट आहे. तिथे कपडे धुवायचं मशीन आहे, गरम पाण्याची टाकी आहे आणि उरलेल्या भिंतीला आबांनी स्वतः ठोकलेल्या चार फळ्या आहेत. त्यांवर दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवरच्या वस्तू मांडलेल्या आहेत. पितळी झडपांची चाकं, पाण्याखालचे आवाज ऐकायचे हेडफोन, एक ॲल्युमिनियमचा चमचा, एका डोळ्याची काच तडकलेली दुर्बीण, आणि बुडत्या पाणबुडीतून बाहेर पडताना श्वास घ्यायला वापरायची एक रबरी पिशवी, जी आता उडदाच्या पापडासारखी कडक झाली आहे. आणि एक गोल तबकडी. जेवणाच्या ताटाएवढी, जाड पितळी कड असलेली, आत शून्यापासून पुढे मीटरचे आकडे आणि एक काळा काटा. पाणबुडी पाण्याखाली किती खोल गेली हे त्यावर दिसायचं. आबा तिला डेप्थ गेज म्हणतात, मी तबकडी म्हणते.

हे वेड लागलं ते तुमच्या आईमुळे. ती चौथीत असताना तिच्या वर्गाची सहल शहरातल्या मोठ्या संग्रहालयात गेली होती. तिथे युद्धात पकडून आणलेली एक आख्खी जर्मन पाणबुडी ठेवलेली आहे. मुलांबरोबर काही पालक हवे होते, म्हणून आबांनी पंपाच्या कारखान्यातून रजा काढली. मुलं दहा मिनिटांत बघून बाहेर आली. बाईंनी डोकी मोजली, तर सगळी मुलं हजर आणि एक बाप बेपत्ता. आबा आत पाण्याच्या पंपांसमोर उभे होते. "एवढ्याशा जागेत एवढी यंत्रं बसवली कशी?" एवढं एकच वाक्य ते घरी येईपर्यंत म्हणत होते. तुमची आई त्यानंतर महिनाभर त्यांच्याबरोबर शाळेत जायला तयार नव्हती.

पुढे ते जुन्या लष्करी वस्तूंच्या प्रदर्शनांना जायला लागले. कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, त्यावर टोप्या, बिल्ले, खंजीर, झेंडे. मी एकदाच गेले. तिथल्या काही माणसांचे डोळे त्या झेंड्यांकडे बघताना जसे चमकत होते, ते मला आवडलं नाही. एकाने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, "तुम्हा लोकांना हे कशाला हवंय?" आबा शांतपणे म्हणाले, "मला झडपा हव्यात. झेंडे तुम्हीच ठेवा." त्यांचा नियम पक्का होता. जे यंत्राचा भाग होतं तेवढंच घ्यायचं. पण यंत्रावरही ठसे असतात. तबकडीच्या खालच्या बाजूला नखाएवढा गरुड कोरलेला आहे आणि त्याच्या पायांत नाझींची ती खूण आहे. आबा तो ठसा लपवत नाहीत आणि कोणाला मुद्दाम दाखवतही नाहीत.

माझं काम नोंदींचं. इथल्या गावच्या वाचनालयात मी बावीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या. घरात नोंद नसलेली वस्तू मला बघवत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूखाली माझ्या अक्षरात एक कार्ड आहे. वस्तू काय, कशासाठी वापरायचे, कुठून मिळाली, कुठल्या बोटीवरची. तबकडीच्या कार्डावर शेवटच्या रकान्यात "माहीत नाही" असं लिहिलेलं आहे.

आता पलीकडच्या आजीबद्दल. तुम्ही तिला ओळखता. तुमच्या मागच्या खेपेला तिने तुम्हाला सफरचंदं तोडायला नेलं होतं आणि धाकट्याने झाडावरच आठ खाल्ली होती. ती अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या घरात राहायला आली, नवरा गेल्यावर. आल्यानंतर पहिल्याच महिन्यात, आमच्या स्वयंपाकघरात कॉफी पिताना तिने सांगितलं, की तिचा बाप तेलवाहू जहाजावर खलाशी होता. ती सात महिन्यांची असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर जर्मन पाणबुडीने त्याचं जहाज बुडवलं. किनाऱ्यावरच्या गावांचे दिवे तेव्हा चालूच असायचे. त्या उजेडासमोरून जाणारी जहाजं समुद्रातून काळी, स्पष्ट दिसायची. "आईला कायम वाटायचं," ती म्हणाली, "की त्या गावातल्या लोकांनी दिवे मालवले असते तर." मग तिने कॉफीत साखर घातली आणि विषय बदलला.

तिला निरोप देऊन मी आत आले आणि पहिली गोष्ट केली ती ही, की बेसमेंटचं दार लावलं. स्वयंपाकघरातूनच खाली जायचा जिना आहे. त्या दिवसापासून ती येणार असली की ते दार बंद. दारामागे खुंटी होती ती मी पुढे लावून घेतली आणि त्यावर कोट टांगले. अकरा वर्षं.

आबांना मी हे सांगितलं नाही. तुम्ही आबांना ओळखता. त्यांना कळलं असतं तर त्याच संध्याकाळी ते तिच्या दारात उभे राहून म्हणाले असते, "फार वाईट वाटलं. जहाज किती टनांचं होतं?" त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण मला दोघंही हवे होते, ती वर आणि ते खाली, आणि मध्ये एक दार होतं. ही व्यवस्था मला चांगली वाटत होती.

तिची आणि माझी आणखी एक व्यवस्था होती. चार वर्षांपूर्वी ती बर्फावर घसरून पडली आणि तासभर अंगणात तशीच पडून होती. तेव्हापासून ठरलं, की तिने रोज सकाळी सातपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीचा गुंडाळायचा पडदा वर करायचा. आमच्या ओट्यासमोरून ती खिडकी दिसते. पडदा वर दिसला की मी चहाचं आधण ठेवते. तिच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते.

या वर्षी सप्टेंबरात आबांचा गुडघा बदलला. जिना बंद. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो, तशी आम्ही इथे चाळीस वर्षं करतो आहोत. पाने, पकडी, ड्रिल, माझी कात्री, आता लॅपटॉप आणि गाडीची किल्लीही. दरवर्षी हे सगळं बेसमेंटमध्ये आबांच्या टेबलावर होतं. या वर्षी त्यांना खाली जाता येईना, म्हणून मी बाहेरच्या खोलीत पाट मांडला आणि तीन खेपा करून अवजारं वर आणली. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून आदल्या दिवशी झेंडू आणला होता. सगळं मांडून झालं तेव्हा आबा खुर्चीतून म्हणाले, "अगं, गेज आण ना. तीन आठवडे बघितलं नाही मी त्याला."

"ते काय तुमचं अवजार आहे?"

"अवजारच आहे ते. ज्याने बनवलं त्याचा हात बघ. आण."

मी आणली. लपवायची गोष्ट आहे हे माझ्या डोक्यातून त्या क्षणी पार गेलं होतं, कारण अकरा वर्षं मी दार लपवत आले होते, वस्तू नाही. तबकडी पाटाच्या मधोमध भिंतीला टेकवली, वरच्या कडेला हळदकुंकू लावलं, समोर झेंडू वाहिला. नीरांजन ओवाळलं. साडेदहा वाजले होते. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि नेहमीप्रमाणे उत्तराची वाट न बघता पलीकडची आजी आत आली. हातात सफरचंदांची परडी.

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत होतं. मला आठवतं तसं मराठीत लिहिते.

"वा, केवढं सुंदर मांडलंयस!" ती म्हणाली. "कोणाचा वाढदिवस?"

"अवजारांचा," आबा म्हणाले.

"प्रोफेसर, तुझ्या स्क्रू ड्रायव्हरला फुलं? माझ्या नवऱ्याच्या हातोडीला जन्मभर एक ओलं फडकं मिळालं नाही." ती त्यांना प्रोफेसर म्हणते, कारण ते काहीही समजावून सांगायला लागतात. मग ती वाकली, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर घेतला. "आणि हे काय, घड्याळ?"

माझ्या हातात आरतीचं ताट होतं. मी हो म्हणायला हवं होतं.

"घड्याळ नाही," आबा आनंदाने म्हणाले. महिनाभरात त्यांना कोणी प्रश्न विचारला नव्हता. "डेप्थ गेज. पाणबुडी किती खाली गेली ते दाखवतं. जर्मन आहे, दुसऱ्या महायुद्धातलं. हात लाव ना, चालेल."

तिने हात लावला नाही. ती तशीच वाकून उभी होती. खालचा ठसा तिला दिसला असावा, कारण तिची मान थोडी मागे गेली.

"आणि फुलं कशासाठी?" तिने विचारलं.

"आदर म्हणून. आज आम्ही यंत्रांना मान देतो."

"आदर," ती म्हणाली.

सफरचंदांची परडी तिने सोफ्यावर ठेवली आणि आली तशी मागच्या दाराने गेली. दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"काय झालं तिला?" आबांनी विचारलं. "मी काही चुकीचं बोललो का?"

मग मला सांगावं लागलं. ताट तसंच हातात होतं, नीरांजन जळत होतं, आणि मी त्यांना तेलवाहू जहाज, सात महिन्यांचं बाळ, किनाऱ्यावरचे दिवे, सगळं सांगितलं.

"अकरा वर्षं?"

"हो."

"म्हणजे मी खाली बसून हे पुसत होतो, आणि ती बरोबर माझ्या डोक्यावर तुझ्याशी कॉफी पीत होती."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटायला हवं होतं गं," ते म्हणाले. "तो माझा हक्क होता."

नवमीला पुजलेली वस्तू दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायची नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या हातून हा नियम कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मी तबकडी उचलली, कुंकू पुसलं आणि ती हातात धरून खोलीत उभी राहिले. भरलेल्या कुकरएवढी जड होती. खाली नेऊन ठेवावी तर पुन्हा लपवल्यासारखं, वर ठेवावी तर आणखी वाईट. शेवटी ती जेवणाच्या टेबलावर पालथी ठेवली.

दुपारी मी तिच्या दारावरची घंटा वाजवली. आतून पावलं आली, दार उघडलं नाही. "आज नको, हनी," एवढंच ती म्हणाली.

दसऱ्याच्या सकाळी पडदा खाली होता.

सात वाजता खाली, सव्वासातला खाली. मी आधण ठेवलं नाही. साडेसातला फोन केला, रेकॉर्ड केलेला आवाज आला. रागावली असेल, मी स्वतःला म्हटलं. चौऱ्यांशी वर्षांच्या बाईला सकाळी उशिरापर्यंत पडून राहायचा हक्क आहे. पण मनात दुसरंच येत होतं. रात्रभर तिला झोप लागली नसेल, अंधारात उठली असेल, न्हाणीघरात पाय घसरला असेल. फरशी थंड असते. गेल्या वेळी तिला तासभर कोणी बघितलं नव्हतं.

"किल्ली आहे ना? जा," आबा म्हणाले.

"ती रागावून पडदा लावून बसली असेल आणि मी किल्ली लावून आत शिरले, तर पुन्हा तोंड दाखवता येईल का मला?"

"आणि पडली असेल तर?"

आठ वाजता मी गेले. आधी घंटा वाजवली, मग दारावर थाप मारली, मग किल्ली लावली. तिच्या नावाने हाका मारत खोल्या फिरले. न्हाणीघराचं दार मी दोन्ही हातांनी ढकललं. कोणी नव्हतं. पलंग नीट लावलेला. स्वयंपाकघराच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा उघडा होता. शेजारी खलाशाच्या टोपीतल्या एका तरुणाचा फोटो आणि घडीवर फाटत आलेली एक तार. वाचायला नको होती, पण डोळ्यांनी वाचली. तिच्या आईला पाठवलेली. खेद वाटतो, असं सुरू होणारी.

मी कशालाही हात लावला नाही. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायचं दार आहे, ते उघडून बघितलं. गाडी नव्हती.

एक काळजी संपली आणि दुसरी तिच्याहून मोठी सुरू झाली. दोन वर्षांपासून ती फक्त दुकानापर्यंत आणि चर्चपर्यंत गाडी नेते, हायवेवर जात नाही. फ्रिजवर तिच्या मुलाचा नंबर लावलेला आहे. तो दुसऱ्या राज्यात असतो आणि दर नाताळात तिला म्हणतो, की आता हे घर विक आणि म्हाताऱ्यांच्या निवासात चल. त्याला फोन केला असता तर तो त्याच दिवशी विमानात बसला असता आणि तिचं घर संपलं असतं. नाही केला आणि ती कुठे रस्त्याच्या कडेला गाडीत असली, तर?

"फोन कर त्याला," आबा दर अर्ध्या तासाने म्हणत होते.

"एक वाजेपर्यंत थांबते."

"एक वाजता काय होणार आहे?"

काही होणार नव्हतं. पण काहीतरी वेळ ठरवल्याशिवाय मला बसवत नाही. मी श्रीखंडासाठी चक्का फेटला, त्यात साखर घातली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली. कणकेचा गोळा उघडा राहून त्याला कडक साय धरली. तुमचा फोन आला तो तेव्हा. तुम्ही आपट्याची पानं घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे होता, नवे कपडे घातलेले, आणि मी तुमच्या डोक्यांवरून खिडकीबाहेर रस्ता बघत होते.

पाऊण वाजता मी मुलाचा नंबर कागदावर उतरवला. एकला पाच मिनिटं असताना तिची गाडी वळणावर दिसली, नेहमीसारखी हळू, इंडिकेटर पाच घरं आधीपासून चालू. मी पायात चप्पल न घालता बाहेर गेले. ऑक्टोबरातली फरसबंदी. ती गाडीतून उतरली, कोट, पर्स, आणि खिशातून डोकावणारं एक तिकीट.

"पाय गारठतील तुझे," ती म्हणाली.

"कुठे होतीस तू?"

"पाणबुडी बघायला गेले होते. शहरात. साठ वर्षं या भागात राहतेय, कधी गेले नाही. शाळेच्या सहलीला मुलाची फी भरली होती, पण मी गेले नाही." ती गाडीला टेकली. "केवढीशी असते गं ती. मला जन्मभर वाटायचं डोंगराएवढी असेल. ती तर नुसती नळी आहे. तेवढ्याशा नळीत बसून आली ती पोरं. माझ्या शेजारी शाळेतली मुलं होती, एकाने विचारलं, यांचं टॉयलेट कुठे होतं? आणि मला हसू आलं. मी तिथे उभी राहून हसले."

"पडदा वर केला नव्हतास," एवढंच मी म्हटलं.

"मुद्दाम. तुला घोर लागावा म्हणून. एक दिवस तुझी पाळी."

"लागला."

"किल्ली वापरलीस?"

"आठ वाजता."

"म्हणजे एक तास उशीर केलास." ती थोडी हसली, मग थांबली. "टेबलावरचं बघितलंस?"

"बघितलं. तारही वाचली. वाचायला नको होती."

तिने मान हलवली. मग जे म्हणाली ते तिने सकाळभर गाडी चालवताना मनात जुळवलं असावं. "तुझा नवरा काय गोळा करतो याचा मला राग नाही. माझ्या नवऱ्याने बिअरच्या बाटल्यांची झाकणं गोळा केली. पण ते दार तू अकरा वर्षं बंद ठेवलंस. मला वाटायचं, तुमचं देवघर असेल खाली. बाहेरच्या माणसाने विचारू नये, म्हणून मी कधी विचारलं नाही. मी तुझ्या देवांची अदब राखत होते, आणि तू ठरवून टाकलंस, की मला काय झेपेल आणि काय नाही."

मी माफी मागितली. दोनदा. तिने ती घेतली असं म्हणवत नाही. ती म्हणाली, "दाखव मला. सगळं."

आम्ही दोघी कठड्याला धरून खाली उतरलो, मी पुढे, ती मागे. आबा जिन्याच्या तोंडाशी वॉकरला टेकून उभे होते आणि वरून ओरडत होते.

"तिला हेडफोन दाखव! दुसऱ्या फळीवर, डावीकडे!"

"प्रोफेसर, गप्प बस," ती म्हणाली.

ते गप्प बसले. चाळीस वर्षांत मला जे जमलं नाही ते तिने दोन शब्दांत केलं.

तिने एकेक कार्ड वाचलं. माझं अक्षर तिला आवडलं, असं म्हणाली. रबरी पिशवीसमोर ती बराच वेळ थांबली. मी सांगितलं, की त्या पाणबुड्यांवर गेलेल्या चारातले जवळजवळ तीन परत आले नाहीत. "ते मला सांगू नकोस," ती म्हणाली, मग थोड्या वेळाने, "नाही, सांग." मी पुन्हा वर गेले, तबकडी घेऊन आले आणि तिच्या कार्डापाशी ठेवली. तिने शेवटचा रकाना वाचला.

"माहीत नाही म्हणजे काय? तीच असू शकते?"

इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आबांनासुद्धा सांगितली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तिने बापाची गोष्ट सांगितली, त्याच आठवड्यात मी वाचनालयात बसून ते जहाज शोधलं होतं. तिने नाव सांगितलं होतं, माझं कामच शोधायचं होतं. जहाजाच्या नोंदीत ते बुडवणाऱ्या पाणबुडीचा क्रमांक होता. त्या क्रमांकाची नोंद काढली, तर तिचं पुढे काय झालं तेही होतं. मी ते सगळं एका वहीत उतरवलं आणि ती वही आजवर कोणाला दाखवली नाही.

"ती असू शकत नाही," मी म्हटलं. "ती पाणबुडी पुढे काही महिन्यांनी बुडाली. तिच्यावरचं काहीच वर आलं नाही."

ती माझ्याकडे वळली. "तुला कसं माहीत?"

मी सांगितलं. ती फळीला धरून उभी होती. वरून आबांच्या वॉकरचा आवाज आला आणि थांबला.

"हेही तू स्वतःपाशीच ठेवलंस."

"हो."

"सगळे गेले? सगळेच्या सगळे?"

"एकही नाही वाचला."

टाकीतलं पाणी तापायला लागलं, तिचा घुरघुर आवाज सुरू झाला. ती धुण्याच्या मशीनवर टेकली. तिथे एका टोपलीत आबांचे मोजे वाळलेले होते, ती एकेक मोजा उचलून जोड्या लावायला लागली. चार जोड्या लावल्या. पाचव्याचा जोडीदार सापडला नाही.

"क्रमांक लिहून दे," ती म्हणाली. "बोलू नकोस. लिहून दे."

मी कोऱ्या कार्डावर तो लिहिला. खाली तारीख आणि ती कुठे बुडाली ते समुद्राचं नाव. माझं अक्षर कधी वाकडं येत नाही, ते त्या दिवशी आलं. तिने कार्ड न वाचता दुमडलं, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि जिना चढायला लागली. वर आबा म्हणाले, "आय ॲम सॉरी." ती म्हणाली, "माहीत आहे, प्रोफेसर. गुडघ्याचे व्यायाम करतोस का?" आणि घरी गेली. श्रीखंड नेलं नाही.

याला आता सात आठवडे झाले. ती येते. पूर्वी रोज यायची, आता आठवड्यातून दोनदा येते. बर्फाबद्दल बोलते, मुलाबद्दल बोलते. एकदा आबांना तिने विचारलं, की इंजिन बंद करून पाण्याखाली पडून राहिलं तर आतल्या माणसांना वरच्या जहाजाचा आवाज ऐकू यायचा का. आबा माझ्याकडे बघायला लागले, मी नजर दुसरीकडे वळवली. मग त्यांनी उत्तर दिलं, जेवढं विचारलं तेवढंच.

ते कार्ड तिने वाचलं की अजून कोटातच आहे, मला माहीत नाही. ती समोर बसलेली असते आणि प्रश्न माझ्या जिभेवर येतो. मी चहा ओतते. ती सांगेल तेव्हा सांगेल, नाही सांगितलं तर नाही.